घरी बाळंतपण ठरवताना आधी निघायची तयारी

३६ वा आठवडा लागला तेव्हा ताईची मिडवाइफ घर बघायला आली. खोली दाखवायची म्हणून आम्ही सकाळपासून आवरत होतो. त्या मात्र आधी जिना चढून-उतरून आल्या. वळणावर थांबून दोन्ही हात पसरून रुंदी बघितली, जिन्यातला दिवा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "स्ट्रेचर इथून वळणार नाही. खुर्चीत बसवून न्यावं लागेल. मग खालच्या बाजूने खुर्ची कोण धरणार?" भावजींनी हात वर केला. त्यांचं नाव वहीत लिहिलं गेलं, आणि मग कुठे त्या खोलीत आल्या. खोली पाच मिनिटांत बघून झाली.

घरचं बाळंतपण म्हटलं की मंद उजेड, ओळखीची उशी, जवळची माणसं असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते चित्र खोटं नाही. ताईचं दुसरं बाळंतपण तसंच झालं आणि मी त्या खोलीत होते. पण ठरवून केलेल्या घरच्या बाळंतपणाचा निम्मा भाग हा घरातून निघण्याचा असतो: कोणती खूण दिसली की निघायचं, कुठे जायचं, कशाने जायचं, फोन कोणी करायचा. हा भाग पक्का असला तर उरलेला निम्मा निवांत होतो. तो कच्चा असेल तर घरी बाळंतपण करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिडवाइफ, सुईण आणि डूला

मिडवाइफला मराठीत आपण सुईण म्हणतो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. पिढीजात बाळंतपणं करत आलेली सुईण किंवा दाई बघून-बघून, हाताने शिकलेली असते. तिच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण या लेखातली मिडवाइफ म्हणजे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केलेली, नोंदणी असलेली आणि परवान्यावर काम करणारी व्यक्ती. ती बीपी मोजते, बाळाचे ठोके ऐकते, रक्तस्राव आटोक्यात आणणारं इंजेक्शन देते, न रडणाऱ्या बाळाला श्वास देते, टाके घालते. आणि एखादी गोष्ट आपल्या हाताबाहेर चालली आहे हे ती वेळेत ओळखते. माझ्या लेखी हे शेवटचं कौशल्य सगळ्यात मोलाचं.

डूला ही आणखी वेगळी. ती पाठ चोळते, धीर देते, सोबत करते. तिची मदत फार होते, पण वैद्यकीय काम तिचं नाही, त्यामुळे तिच्या एकटीच्या भरवशावर घरी राहायचं नाही.

मिडवाइफला घरी बाळंतपण करायची परवानगी आहे का, आणि तिला कोणती औषधं जवळ ठेवता येतात, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. ते पहिल्याच भेटीत विचारा. नोंदणी कुठे आहे, आतापर्यंत घरची किती बाळंतपणं केली, कोणत्या हॉस्पिटलशी संबंध आहे, बाळाला श्वास देण्याचा सराव शेवटचा कधी केला, हेही विचारा. यात संकोच कसला? चांगल्या मिडवाइफला असे प्रश्न आवडतात. आणखी एक प्रश्न नक्की विचारा: "गेल्या वर्षी तुमच्या किती बायकांना मध्येच हॉस्पिटलला न्यावं लागलं?" बऱ्याच बाळंतपणांनंतरही उत्तर "एकही नाही" असं आलं, तर मला काळजी वाटेल. न्यायची वेळ कधी येतच नाही असं होत नाही. मग त्या वेळी नेलं नसेल, किंवा सांगितलं जात नसेल.

आणि एकटी मिडवाइफ पुरत नाही. बाळ बाहेर येण्याच्या सुमारास दुसरी प्रशिक्षित व्यक्ती हजर हवी. आईला रक्तस्राव सुरू झाला आणि त्याच मिनिटाला बाळ रडलं नाही, तर दोन हात दोन ठिकाणी कसे पुरणार?

घरी कोणी करावं, कोणी करू नये

साधारण नियम असा: आई निरोगी, पोटात एकच बाळ, त्याचं डोकं खाली, आणि दिवस ३७ पूर्ण आठवड्यांपासून ४२ आठवड्यांच्या आतले. बीपी वाढलेलं, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, रक्त फारच कमी, वार (प्लासेंटा) गर्भपिशवीच्या तोंडाशी आलेली, बाळ पायाळू, जुळी, मागच्या वेळी बाळंतपणानंतर खूप रक्त गेलेलं, यांपैकी काहीही असेल तर जागा हॉस्पिटलची.

आधी सिझर झालेल्या बायका हा प्रश्न फार पोटतिडकीने विचारतात, म्हणून त्यावर थोडं थांबते. गर्भपिशवीवर जुना व्रण असतो. नंतरच्या बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर तो उसवण्याची शक्यता साधारण २०० जणींत एक अशी सांगितली जाते. म्हणजे १९९ जणींना काही होत नाही, आणि त्यामुळे पुढचं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं, अनेकींचं होतंही. पण जिचा व्रण उसवतो तिच्या बाळाकडे काही मिनिटंच असतात आणि त्या मिनिटांत ऑपरेशन थिएटर लागतं. ते घरात नसतं. नॉर्मल बाळंतपणाची इच्छा योग्यच आहे, पण तिची जागा थिएटर असलेल्या इमारतीत आहे.

हे सगळं एकदा ठरवलं की झालं, असंही नाही. प्रत्येक तपासणीला नव्याने बघायचं. ३८ व्या आठवड्यात बीपी १४०/९० च्या वर गेलं तर बेत बदलतो. बाळ ३७ व्या आठवड्यात आडवं झालं तर बदलतो. कळा सुरू झाल्यावरही बदलू शकतो.

आकडे काय सांगतात

या विषयावरचा एक मोठा अभ्यास इंग्लंडमध्ये झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या सुमारे ६४,५०० बायकांची बाळंतपणं त्यात पाहिली गेली: घरची, मिडवाइफ चालवतात त्या केंद्रांमधली आणि डॉक्टरांच्या विभागातली. ज्यांचं आधी एक तरी बाळंतपण झालं होतं, त्यांच्या बाळांच्या बाबतीत घर आणि हॉस्पिटल यांत ठळक फरक दिसला नाही. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र दिसला. बाळाला गंभीर इजा किंवा मृत्यू अशा घटना एकत्र मोजल्या तर हॉस्पिटल ठरवलेल्यांमध्ये हजारी ५.३ आणि घर ठरवलेल्यांमध्ये हजारी ९.३. दोन्ही आकडे लहान आहेत, पण त्यांतला फरक खरा आहे. तो पहिलटकरणीला कळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, शांतपणे सांगितला गेला पाहिजे. आईच्या बाजूने पाहिलं तर घर ठरवलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण बरंच कमी होतं.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना कळांच्या दरम्यान किंवा बाळ झाल्यावर लगेच हॉस्पिटलला न्यावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्के होतं. म्हणजे पहिलटकरणीने घर ठरवलं तर जवळजवळ निम्मी शक्यता प्रवासाची धरूनच चालायचं. हॉस्पिटलची बॅग भरलेली हवी, तिथे नाव नोंदवलेलं हवं, फाइल तयार हवी.

त्याच अभ्यासात मिडवाइफ चालवतात त्या केंद्रांमध्ये पहिलटकरणींच्या बाळांना हा वाढीव धोका दिसला नाही. म्हणून पहिली वेळ असेल आणि असं केंद्र जवळ असेल, तर मी मैत्रिणीला तेच सुचवेन. हे आकडे वाचताना आणखी एक भान ठेवायचं: तिथे मिडवाइफ प्रशिक्षित होत्या, अँब्युलन्स फोनवर येत होती, हॉस्पिटल त्या बाईला ओळखून दार उघडत होतं. ही साखळी जिथे नाही तिथे हे आकडे लागू होत नाहीत.

ताईची पहिली वेळ

पहिल्या वेळीही ताईने घरच ठरवलं होतं. पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर उघडलं आणि तिथेच अडलं. तास जात राहिले, ती चालली, गरम पाण्यात बसली, कुशी बदलल्या. पहाटे तीनच्या सुमारास मिडवाइफ तिच्या समोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळाचे ठोके छान आहेत, तू ठीक आहेस. पण तू दमलीयेस आणि कळा ढिल्या पडतायत. आता औषधाची मदत घेऊ या." धावपळ नाही, सायरन नाही. चप्पल घातली, बॅग उचलली, गाडीत बसलो. मिडवाइफ सोबत आल्या. दर तपासणीची वेळ, बीपी, ठोके असं सगळं लिहिलेला कागद त्यांनी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या हातात दिला, आणि ताईला एकही प्रश्न दोनदा ऐकावा लागला नाही. दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन मिळालं, कळा वाढवायचं सलाइन लागलं आणि सकाळी नऊला माझा भाचा जन्मला.

ताईला पुढे कितीतरी महिने वाटत राहिलं की आपण कमी पडलो. तिला तेव्हा कोणी सांगायला हवं होतं की हलवण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं: बाळंतपण पुढे सरकत नाही. जीव धोक्यात असतो म्हणून न्यावं लागणाऱ्या बायका त्यामानाने थोड्या. वेळेत हलवणं म्हणजे बेत फसणं नव्हे, तो बेताचाच भाग आहे.

घरी काय लागतं

फार काही लागत नाही. प्लॅस्टिकचं अंथरूण, जुन्या स्वच्छ चादरी, भरपूर टॉवेल, टाके घालायला दिसेल असा चांगला दिवा, वीज गेली तर बॅटरी, फोन पूर्ण चार्ज. खोली उबदार हवी, जागतिक आरोग्य संघटना जन्माच्या वेळी २५ अंशांच्या खाली जाऊ नये असं सांगते. पंखा बंद, कारण ओलं बाळ फार झपाट्याने गार पडतं. एक टणक, सपाट जागा बाळासाठी मोकळी ठेवायची, साधं टेबलही चालतं. बाळाला श्वास द्यायची वेळ आली तर मऊ गादीवर ते नीट जमत नाही. घरात मोठं मूल असेल तर फक्त त्याला सांभाळायला एक माणूस वेगळा.

बाकी सामान मिडवाइफच्या बॅगेत असतं. ताईच्या पलंगाशेजारच्या मेजावर त्यांनी ते ओळीने मांडलं होतं: ठोके ऐकायचं यंत्र, निर्जंतुक कात्री आणि नाळेचे चिमटे, हातमोजे, टाक्यांचं साहित्य, सलाइन, ऑक्सिजन आणि बाळाच्या तोंडावर बसेल एवढा इवलासा मास्क लावलेली, हाताने दाबायची पिशवी. मास्क माझ्या तळहाताच्या खळग्यात मावला असता. एक डबी मात्र आमच्या फ्रिजमध्ये होती. तिच्यात रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कुप्या होत्या. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. उन्हात राहिलं तर त्याचा जोर कमी होतो आणि ते बाहेरून कळत नाही. तुमची मिडवाइफ ते कशात आणते, हे जरूर विचारा.

कळा सुरू झाल्यावर

सुरुवातीच्या कळा विस्कळीत असतात. कधी दहा मिनिटांनी, कधी वीस, मध्येच थांबतात. हा टप्पा एक दिवससुद्धा चालतो आणि त्यात खाणं, झोपणं, फिरणं हेच काम. मिडवाइफशी फोनवर बोलणं सुरू ठेवायचं. पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडलं आणि कळा नियमित झाल्या की खरं बाळंतपण सुरू झालं असं जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. तिथून पुढे पहिलटकरणीला १२ तासांपर्यंत, इतरांना १० तासांपर्यंत लागू शकतात. तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशोब प्रत्येकीला लागू पडत नाही, हेही तिथेच सांगितलं आहे.

मिडवाइफ या काळात फार कमी 'करते' आणि फार बारीक लक्ष ठेवते. दर पंधरा मिनिटांनी ते अर्ध्या तासाने, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ठोके ऐकायचे. मिनिटाला ११० ते १६० हे ठीक. जोर लावायची वेळ आली की दर पाच मिनिटांनी ऐकायचे. ताईच्या खोलीत बोलणं जवळजवळ नव्हतंच. कळ यायची, जायची, आणि मग त्या यंत्रातून घोडा दौडल्यासारखा टपटप आवाज. तो ऐकला की आम्ही सगळे श्वास सोडायचो.

दुखणं कमी करायला घरी गरम पाणी, मालीश, हालचाल, बसण्याच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, काही देशांत श्वासावाटे घ्यायचा गॅसही. पाठीतलं इंजेक्शन घरी मिळत नाही. ते हवंसं वाटलं तर हॉस्पिटलला जायचं, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

ज्या खुणा दिसल्या की वाट बघायची नाही, त्या भिंतीवर लिहून लावा. गेलेलं पाणी हिरवट किंवा तपकिरी, म्हणजे बाळाने पोटातच शी केली. ठोके घसरतायत आणि सावरत नाहीत. अंगावरून ताजं लाल रक्त जातंय. ताप ३८ अंशांवर. डोकं फार दुखतंय, डोळ्यांसमोर काजवे चमकतायत. पाणी जाऊन २४ तास होत आले आणि कळा नाहीत. बाळाची हालचाल कमी वाटतेय. आणि पाण्याबरोबर नाळ बाहेर आली, तर गुडघ्यांवर ओणवं होऊन डोकं खाली, कमर वर करायची आणि त्याच क्षणी अँब्युलन्स. फोन कोणी करायचा ते माणूस आधीच नेमलेलं असावं. सगळ्यांनी एकदम फोन शोधायला जायचं नाही.

मिडवाइफ "निघू या" म्हणाली की निघायचं. त्या क्षणी घरात चर्चा नको. हे नवऱ्याला, आईला, सासूबाईंना आधीच सांगून ठेवा.

बाळ आल्यानंतरचा तास

बाळ आलं की कोरडं करायचं, आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, दोघांवर कोरडा टॉवेल टाकायचा. १०० पैकी सुमारे ८५ बाळं आपली आपण श्वास घेतात, आणखी दहा पुसण्या-चोळण्याने घेतात. उरलेल्या पाचेकांना मास्कने श्वास द्यावा लागतो, आणि तो पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हायला हवा. म्हणूनच ते टेबल मोकळं ठेवायचं. नाळ लगेच कापायची घाई नाही. बाळ ठीक असेल तर एक ते तीन मिनिटं थांबतात, तेवढ्यात वारेतलं रक्त बाळाकडे जातं.

आता सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं, आणि मिडवाइफचं आईकडे. दिवस भरलेल्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटते तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि पिशवीचे स्नायू आवळले की दाबून बंद होतात. पिशवी ढिली राहिली तर रक्त वाहत राहतं. फ्रिजमधलं ते ऑक्सिटोसिन यासाठी होतं: बाळ आल्यावर मांडीत १० युनिट. तरीही रक्त थांबलं नाही तर पोटावरून पिशवी चोळायची, पुढची औषधं द्यायची आणि त्याच वेळी अँब्युलन्स बोलवायची. अर्धा लिटरपेक्षा जास्त गेलं तर तो रक्तस्राव धोक्याचा धरतात.

डोळ्यांनी रक्ताचा अंदाज हमखास चुकतो, बहुतेकदा कमीच वाटतं. ताईच्या मिडवाइफने कोरड्या पॅडचं वजन आधीच वहीत लिहिलं होतं. भिजलेले पॅड प्लॅस्टिकच्या टबात ठेवून त्यांनी काट्यावर तोलले. कोरडं वजन वजा केलं: २८० ग्रॅम, म्हणजे साधारण २८० मिलिलिटर. मग वार उजेडात पसरून, बोटांनी एकेक भाग जुळवत, तुकडा आत राहिला नाही ना ते पाहिलं. इंजेक्शन दिल्यानंतर अर्ध्या तासात, आणि न दिल्यास तासाभरात वार पडली नाही, तर हॉस्पिटल.

मिडवाइफने निदान दोन तास थांबायला हवं. बाळाने पहिल्या तासात दूध ओढायला लागावं. रक्त साकळायला मदत करणारं व्हिटॅमिन के चं एक मिलिग्रॅमचं इंजेक्शन बाळाला मिळालं पाहिजे. आंघोळ २४ तासांनंतर. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट तपासून, गरज पडल्यास ७२ तासांच्या आत आईला अँटी-डी नावाचं इंजेक्शन द्यावं लागतं. घरच्या बाळंतपणात हे विसरलं जाऊ शकतं, आणि त्याचा फटका पुढच्या बाळाला बसतो. जन्माची नोंद कोण करणार तेही आधीच ठरवा.

पुढची भेट २४ तासांच्या आत, मग दोन-तीन दिवसांनी, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या. मधल्या काळात तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला, ताप आला, घाण वासाचं अंगावरून जाऊ लागलं, पोटरी सुजून दुखू लागली, डोकं असह्य दुखलं किंवा दम लागला तर भेटीची वाट बघायची नाही. बाळ दूध ओढत नाही, उठवूनही उठत नाही, श्वास घेताना छाती आत ओढतंय, अंगाला गार किंवा गरम लागतंय, पहिल्याच दिवशी पिवळं दिसतंय, तर त्याच घटकेला न्यायचं. आमच्या फ्रिजच्या दारावर मिडवाइफचा, अँब्युलन्सचा आणि हॉस्पिटलच्या बाळंतपण विभागाचा असे तीन नंबर ठळक अक्षरांत लिहिलेला कागद होता. बाळ झालं म्हणून तो लगेच काढू नका, सहा आठवडे तिथेच राहू द्या.